माही पोरगी वरच्या बॅचमध्ये काहून नाही?

जिम्नॅस्टिक्स शिकवणारी बाई म्हटलं की लोक मला दोन गोष्टी हमखास विचारतात. तुम्हाला अजून कोलांटी येते का, आणि यानं मुलांची उंची खुंटते का हो? पहिल्याला मी म्हणते, येते, पण नंतर उठवायला माणूस लागतो. दुसऱ्याला म्हणते, नाही खुंटत, माझ्या हाताखालच्या कितीतरी पोरी आज माझ्यापेक्षा वीतभर उंच आहेत. पण नागपूरच्या आमच्या हॉलमध्ये उभा जन्म काढल्यावर जो प्रश्न माझ्या कानात कायमचा बसलाय, तो बाहेरचं कुणी विचारत नाही. तो फक्त आईबाप विचारतात, आणि दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या सुमारास विचारतात: "मॅडम, माही पोरगी वरच्या बॅचमध्ये काहून नाही?"

माझी मुलगी वर का नाही, हा प्रश्न समजायचा तर आधी आमच्या बॅचेस समजायला हव्यात. लहान मुलींच्या आमच्याकडे तीन लेव्हल होत्या. पहिलीत सगळं जमिनीवरचं. कोलांट्या, भिंतीला पाय लावून हातांवर उभं राहणं, मागे वाकून कमान. दुसरीत बीम येते. बीम म्हणजे लांबलचक पट्टी, रुंदीला जेमतेम तळहाताएवढी. तिच्यावर चालायचं, उडी मारायची, कमान करायची. दुसरीतली बीम जमिनीपासून वीतभर उंच. तोल गेला तर पाय खाली टेकतो, एवढंच. तिसरीतली बीम माझ्या छातीला लागते. करायचं तेच असतं, फक्त वर चढून. हा फरक मुलींना पहिल्याच दिवशी कळतो. पालकांना वाटतं, पट्टी तर तीच आहे.

दुसरीतून तिसरीत कुणाला पाठवायचं ते आम्ही ठरवायचो, म्हणजे मी आणि माझ्याबरोबरचे एक सर. कसं ठरवायचो? इथेच खरी गोम आहे. शाळेत मार्क असतात, पास-नापास असतं. आमच्याकडे परीक्षा नव्हती. मुलगी वर्षभर डोळ्यांसमोर असायची. दंडात जोर किती, पडल्यावर कशी उठते, दुखलं तर सांगते की लपवते, घाबरल्यावर थांबते की उलट घाई करते, हे बघता बघता एक दिवस मन म्हणायचं, हिला पाठवा. कधी मन पाठवा म्हणायचं, पण मोठ्या बीमसमोर रांग आधीच एवढी असायची की आणखी एक मुलगी उभी करायला जागा नसायची. मग ती खाली राहायची. पालकांना मात्र वाक्य एकच मिळायचं, "अजून थोडी तयारी हवी." ताप कुठलाही असो, डॉक्टर 'व्हायरल आहे' म्हणतात ना, तसं.

कारण सांगितलं नाही की माणसं कारण बनवतात. हॉलच्या बाहेर रुंद पायऱ्या होत्या. क्लास सुटेपर्यंत पालक तिथं बसायचे आणि आमच्या मनातलं ओळखायचे. मॅडमनं पाठीवर थाप मारली, म्हणजे ही जाणार. मॅडम हिच्यावर ओरडल्या, म्हणजे हीच जाणार, कारण ओरडतात म्हणजे लक्ष आहे. एकदा कुणीतरी शोध लावला की अंबाडा घट्ट असलेल्या मुलींना वर घेतात. त्या आठवड्यात सगळ्या पोरी भुवया ताणलेल्या, कायम आश्चर्य वाटल्यासारख्या चेहऱ्यानं फिरत होत्या. बँकेत असणारे एक बाबा मुलीच्या उडीचा व्हिडिओ घेऊन आले. अगदी सावकाश चालवून म्हणाले, यात चूक कुठं आहे तिथं बोट ठेवा. मला बोट ठेवता येईना, कारण उडीत चूक नव्हतीच. उडी मारण्याआधी ती मुलगी जेवढा वेळ नुसती उभी राहायची, त्यात होती, आणि तेवढा भाग त्यांनी कापून टाकला होता.

आता आरोही भोयरची गोष्ट सांगते.

आरोहीचे वडील कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे अडतिये, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून देणारे दलाल. काटोलकडे घरची बाग, वस्ती कळमन्यात. माणूस धिप्पाड, आवाज खणखणीत. आरोही ज्या व्हॅननं क्लासला यायची, त्याच व्हॅनमधून जरीपटक्याची मुस्कान यायची. तिची आई तिथं कापडाचं दुकान चालवायची. तिला आम्ही सगळे भाभीच म्हणायचो. दोन्ही मुली एका वयाच्या, एका डब्यातलं खाणाऱ्या, पण स्वभावानं दोन टोकांच्या. आरोही वाऱ्यासारखी. मुस्कान प्रत्येक पाऊल देवाचं नाव घेऊन टाकल्यासारखी.

त्या वर्षी मी मुस्कानला तिसरीत पाठवलं आणि आरोहीला दुसरीतच ठेवलं.

पायऱ्यांवर खळबळ उडाली. आरोही बॅचमधली सगळ्यांत तयार मुलगी, हे तर आंधळ्यालाही दिसत होतं. मलाही दिसत होतं. पण बीमवर मागे वाकून ती हात टेकायची, तेव्हा तिचे तळवे क्षणभर पट्टी शोधायचे. लाईट गेल्यावर आपण भिंतीवर बटण चाचपतो ना, तसे. मग पाय डोक्यावरून फिरवून ती झोकात उभी राहायची आणि सगळे खूश व्हायचे. वीतभर उंचीवर ते चाचपणं चालून जात होतं. छातीएवढ्या उंचीवर एखाद्या दिवशी तळवा चुकला, तर मान खाली येणार होती. ती असं का करते ते मला कळत नव्हतं. फक्त खटकत होतं.

दुसऱ्याच दिवशी भोयर आले. चपला बाहेर काढून, हॉलच्या दारात उभे राहून त्यांनी तो प्रश्न विचारला.

"अजून थोडी तयारी हवी, भोयरजी," मी म्हटलं.

"कायची?"

"एकंदर."

"एकंदर म्हणजे कायची?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "हे पहा मॅडम. कळमन्याले माल येते. शेतकरी समोर उभा राहते, त्याच्यासमोर छाटणी होते. हे मोठं, हे मधलं, हे बारीक, हे दागी. त्याले राग येते, भांडते बी. पण काहून बाजूले काढलं, ते त्याले दिसते. तुमच्या इथं माल आत जाते, दार बंद होते, अन् संध्याकाळी पोरगी बाहेर येऊन सांगते, बाबा, मी बारीक."

"पोरगी म्हणजे संत्रं आहे का, भोयरजी?"

"तेच तर म्हणून राहिलो मी. संत्र्याले घरी जाऊन कोणाले तोंड दाखवा लागत नाही."

मला हसू आलं, त्यांना आलं नाही. मी हातांबद्दल बोलायला तोंड उघडलं, पण जे मलाच नीट उमगलं नव्हतं ते या माणसासमोर कसं मांडायचं, म्हणून मी ते सांगितलंच नाही. भोयर चपला घालत म्हणाले, "तयारी पाहिजे ना? ठीक आहे. करतो तयारी."

त्याच संध्याकाळी भाभी आल्या. मला वाटलं, पेढे घेऊन आल्या असतील. त्यांचा चेहरा भोयरांपेक्षा उतरलेला.

"मॅडमजी, मेरी वाली को ऊपर क्यों डाल दिया?"

"ती तयार आहे, भाभी."

"किसने बोला? वो तो घर में स्टूल पे चढ़ने से डरती है."

जिला भीती कळते, ती हात बघून ठेवते, म्हणून तिला वर घेतलं. हे मी त्यांना सांगितलं, पण त्यांना ते पटलं नाही. जाताना म्हणाल्या, "कुछ हो गया तो?" ज्याची मुलगी खाली राहिली तो नाराज, आणि जिची वर गेली ती त्याहून नाराज. आमच्या धंद्यात खूश माणूस शोधायचा तर तो पहिल्या लेव्हलमध्ये, अजून काही कळत नसलेल्यांत शोधावा.

पुढच्या काही आठवड्यांत मुस्कान मोठ्या बीमवर सुधारली. आधी तिचे गुडघे लटपटायचे, मग एकाएकी ती ऐटीत चालायला लागली. सर म्हणाले, "तुमची नजर पक्की हो मॅडम," आणि मी ते कौतुक घेऊनही टाकलं. आरोहीचे खांदे भरले होते, पण कोपरं खरचटलेली असायची. एकदा तिच्या अंबाड्यातून मी भाताच्या तणसाची काडी ओढून काढली. "हे कुठून आलं गं?" तर म्हणाली, "गोदामात खेळते." संत्री पेट्यांत भरताना खाली तणस घालतात, बापाचं गोदाम आहे, खेळत असेल. मी सोडून दिलं.

मग एका शनिवारी भाभींनी मला बाजूला घेतलं. "बताना है, पर आप गुस्सा मत होना." आणि रविवारी सकाळी त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवून कळमन्याला नेलं.

भोयरांच्या घरामागे पत्र्याचं गोदाम होतं. संत्र्याचा हंगाम नव्हता, गोदाम रिकामं. आत गेले आणि दारातच थांबले. मधोमध सागवानाची लांब बल्ली, रंधून गुळगुळीत केलेली. तिच्यावर लाल फुलाफुलांचं रेक्झिन ताणून ठोकलेलं. भाभी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कपड़ा मेरी दुकान का है." बल्ली विटांच्या खांबांवर बसवलेली, थेट माझ्या छातीइतकी उंच. खाली गुडघाभर तणस. बाजूच्या बाजेवर आमच्या पायऱ्यांवरच्या ओळखीच्या आया चहाचे कप घेऊन बसलेल्या, आणि एका कोपऱ्यात पोह्यांवर तर्री वाढली जात होती. मुस्कानची ऐट कुठून आली ते मला तेव्हा कळलं. ती दर रविवारी इथं सराव करत होती.

"या मॅडम," भोयर म्हणाले. लपवाछपवीचा लवलेश नाही. "तुमीच म्हटलं होतं, तयारी पाहिजे. उंची मुस्काननं सांगितली, तशीच बांधली. पहा हलवून."

मी हलवून पाहिली. बल्ली जागची हलली नाही. खरं सांगते, मला रागाआधी कौतुक वाटलं. आम्ही बीमसाठी किती वर्षं अर्ज करत होतो, आणि या माणसानं आपल्या गोदामात ती उभी केली होती.

मला बसायला बल्लीच्या टोकाशी स्टूल दिलं, हातात चहा दिला, आणि मी थांब म्हणायच्या आत आरोही वर चढलीसुद्धा. हॉलमध्ये मी नेहमी मुलीच्या बाजूला उभी असते, हात तिच्या पाठीखाली, नजर तिच्या कमरेवर. त्या दिवशी पहिल्यांदा मी समोर, खाली, टोकाशी बसले होते. ती मागे वाकली, तिचं डोकं उलटं माझ्या समोर आलं, आणि मला तिचा चेहरा दिसला. डोळे गच्च मिटलेले.

तळवे पट्टी शोधत होते. डावा सापडला, उजवा अर्धा बाहेर पडला. तिनं बोटांनी कड पकडली, पाय फिरवले, उभी राहिली. बाजेवरून टाळ्या पडल्या.

मी तिला कमरेला धरून खाली घेतलं आणि तिच्याशेजारी तणसातच बसले.

"आरोही, डोळे मिटतेस?"

"हो."

"हॉलमध्येही?"

"नेहमीच. उघडे ठेवले की सगळं उलटं दिसते, मग भीती वाटते. मिटले की वाटत नाही."

भोयर जवळ येऊन उभे होते. "अन् हे मले काहून नाही सांगितलं वं?"

तिनं बापाकडे अगदी सरळ पाहिलं. त्यात तक्रार नव्हती. "तुम्ही मले विचारलंच नाही, बाबा. तुम्ही मॅडमलेच विचारून राहिले होते." मग जरा थांबून म्हणाली, "मले खालीच बरं वाटत होतं. तुम्ही म्हटलं तयारी करू, म्हणून केली."

भोयरांनी बल्लीकडे पाहिलं, खालच्या तणसाकडे पाहिलं. "म्हणजे इतके दिवस ही पोरगी डोळे मिटून..." ते वाकले आणि खांबाच्या विटा काढायला लागले. भाभी उठल्या, बाजेवरच्या आया उठल्या, मी पदर खोचला. बल्ली सगळ्यांनी मिळून उचलली आणि जमिनीवर सपाट ठेवली. मग भोयर तिच्यावरच बसले, कपाळ पुसलं आणि मला म्हणाले, "मॅडम, तुमाले दिसलं होतं हे?"

"हात दिसले होते. डोळे नाही."

"मग हातच सांगायचे असते, बाप्पा. डोळे मी शोधले असते."

त्यांनी शोधले असते की नाही ते देव जाणे. पण त्यांचं म्हणणं मला लागलं. पूर्ण कारण हाती आल्याशिवाय बोलायचं नाही, हा आमच्या पिढीतल्या शिकवणाऱ्यांचा बाणा. अर्धं दिसलेलं सांगितलं तर आपली किंमत कमी होते, असं वाटायचं. त्यानंतर मी ते बंद केलं. नव्या बॅचेस ठरल्या की पालकांना हॉलमध्ये बोलवायचं, मॅटवर बसवायचं आणि एकेकाला सांगायचं: तुमच्या मुलीत मला हे दिसलं, हे दिसलं नाही, हे मलाही कळलेलं नाही. जागा नसेल तर जागा नाही म्हणायचं. सगळ्यांना ते आवडलं असं मुळीच नाही. मुलगी घाबरते हे चारचौघांत ऐकून एक आई रडली. मग पुढच्या खेपेपासून मी प्रत्येकाशी वेगळं बोलायला लागले. एका वडिलांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि आठवड्याभरात पोरीला दुसऱ्या क्लासला घातलं, जिथं तिला लगेच वरच्या लेव्हलला घेतलं. ती मुलगी गुणी होती. तिला थोडं सांभाळून वर नेलं असतं तर फार पुढे गेली असती, असं अजूनही वाटतं. तिचं पुढे काय झालं ते मला कधी कळलं नाही.

आरोहीचे डोळे उघडायला मात्र वेळ लागला. डोळे उघड म्हणून कुणी उघडत नाही. शेवटी मी बीमवर, हात टेकायच्या जागी, कपाळावर लावायची टिकली चिकटवली. मागे वाकायचं आणि टिकलीचा रंग सांगायचा. पहिले काही दिवस ती सरळ अंदाज ठोकायची. लाल. टिकली निळी असायची. मग मुस्कान मदतीला आली. भाभींच्या दुकानाशेजारून ती टिकल्यांची पाकिटं आणायची आणि आरोहीची पाठ वळली की रंग बदलून ठेवायची. कधी दोन टिकल्या लावायची, कधी एकही नाही. "इथं काहीच नाही लावलं," असं आरोही उलट्या डोक्यानं म्हणाली, त्या दिवशी मी समजले की आता ती बघते आहे. तळव्यांचं चाचपणं त्यानंतर हळूहळू गेलं. तर्रीपोह्यांचे रविवार चालूच राहिले, बल्ली जमिनीवर ठेवून, आणि मीही अधूनमधून जात होते. तपासणीला जाते, असं घरी सांगायची.

वर्ष सरत आलं तेव्हा तिसरीत एक जागा मोकळी झाली. मी भोयरांना आणि आरोहीला एकत्र बोलावलं. भोयर धुतलेला शर्ट घालून आले होते. मी त्यांच्याकडे न बघता आरोहीला विचारलं, "जागा आहे. तुला काय वाटतं?"

तिनं मोठ्या बीमकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "आता नको मॅडम. थोडं थांबा."

भोयरांनी तोंड उघडलं. मी वाट पाहिली. त्यांनी ते मिटलं, मान डोलावली आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. तिथं कुणीतरी विचारलंच, झालं का वरच्या बॅचचं? भाभींनी मला नंतर सांगितलं, भोयर म्हणाले, "जागा होती. माह्या पोरीनं नाही म्हटलं," आणि असे म्हणाले जसा काही पहिला नंबर आला.

नवीन वर्ष सुरू झालं, शाळा उघडल्या. एका संध्याकाळी मी दुसरीच्या मुलींना वॉर्मअप देत होते. आरोही रांगेत होती. मध्येच ती रांगेतून बाहेर पडली, भिंतीजवळची आपली पाण्याची बाटली उचलली, हॉल ओलांडून गेली आणि मोठ्या बीमसमोरच्या रांगेत मुस्कानच्या मागे उभी राहिली. मुस्काननं वळून पाहिलं आणि जरा पुढे सरकून तिला जागा दिली. सरांनी लांबून माझ्याकडे बघत भुवया उंचावल्या. मी हातानं खूण केली, असू द्या. आणि तिचा नंबर यायच्या आत जाऊन बीमच्या टोकाशी, खाली बसले. ती चढली, उभी राहिली, मागे वाकली. तिचे उलटे, टक्क उघडे डोळे माझ्याकडे बघत होते. हात जिथं टेकायचे तिथं टेकले.

घरी पोचले तेवढ्यात भोयरांचा फोन आला.

"मॅडम, पोरगी म्हणून राहिली, मी वरच्या बॅचमध्ये गेली. तुमी घेतलं का तिले?"

"नाही, भोयरजी. तीच गेली."



"मग बरोबरच असन," ते म्हणाले.